सुई खाली ठेवली तेव्हा

जुन्या मराठी पशुवैद्यकीय पुस्तिकांत जनावरांच्या मोठ्या साथींची चार नावं एका दमात येतात: घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि बुळकांडी. पहिले तीन रोग आजही गोठ्यात येऊन जातात आणि त्यांच्या लसी आजही टोचाव्या लागतात. चौथा मात्र आता फक्त बोलण्यात उरला आहे. कुणाला जुलाब लागले की चेष्टेनं ‘बुळकांडी लागली’ म्हणतात. या शब्दामागे किती दावणी रिकाम्या झाल्या, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. रोग तसा दिसायला गुंतागुंतीचा नव्हता. जनावराला सडकून ताप यायचा, वैरणीवरून मन उडायचं, डोळे लाल होऊन पाणी गळायचं. मग खालच्या हिरडीवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला कोंडा भुरभुरावा तसे पांढरट ठिपके उठत. ते बोटानं पुसले की खाली लाल, ओला व्रण. त्यानंतर घाण वासाचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू होत, डोळे खोल जात आणि आठवडा-दहा दिवसांत बैल खाली बसे, तो बहुधा न उठण्यासाठी. ज्या मुलुखात हा विषाणू पूर्वी कधी आला नव्हता, तिथं शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं मरत.

२०११ साली, मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेनं आणि जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं, बुळकांडी पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं. देवीनंतर माणसानं ठरवून संपवलेला हा दुसरा रोग आणि जनावरांच्या रोगांतला आजवरचा एकमेव. ही कथा सांगितली जाते ती बहुतेक वेळा लसीचा विजय म्हणून: शास्त्रज्ञानं लस शोधली, सरकारांनी ती टोचली, रोग गेला. यातली तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण तिसरं वाक्य दुसऱ्यातून निघत नाही. चांगली लस हाताशी असताना, कोट्यवधी जनावरं टोचून झाल्यावरही हा रोग तीस-पस्तीस वर्षं दाद देत नव्हता. तो संपला ते सरसकट टोचणं थांबवून लोक त्याचा माग काढायला निघाले तेव्हा. लस नसती तर ती वेळच आली नसती, हे कबूलच. पण निर्णायक गोष्ट लस नव्हती, रोग नेमका कुठे आहे याची माहिती होती, आणि ती मिळवायला आधी सुई खाली ठेवावी लागली, असं या इतिहासाकडे बघून म्हणावंसं वाटतं.

युरोपानं बुळकांडी घालवली ती लसीशिवाय, हे पहिलं लक्षात ठेवण्यासारखं. १७११ च्या सुमाराला इटलीत साथ आली, तेव्हा पोपचा वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी यानं उपाय सुचवला तो औषधाचा नव्हताच: आजारी जनावर मारा, पुरा, ये-जा बंद करा. १७६१ साली फ्रान्समधल्या ल्यों इथं जगातलं पहिलं पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, त्यामागेही या साथीची धास्ती होती. १८६५ साली ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या जनावरांतून रोग शिरला, तेव्हा आधी बराच वाद झाला आणि मग तिथंही सक्तीची कत्तल आणि वाहतूकबंदी हाच मार्ग निघाला. हे सगळं जमायला तीन गोष्टी लागतात: बंद होऊ शकणाऱ्या सीमा, भरपाई देणारी तिजोरी आणि जनावर मारायला तयार असणारा मालक. हिंदुस्थानात तिन्हींची वानवा. १८६९ ते १८७१ या काळात जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींची चौकशी करणारा आयोग बसला. ब्रिटनमधला उपाय इथं चालणार नाही, हे समजायला आयोगाचीही गरज नव्हती. ज्याची सगळी शेती एका बैलजोडीवर उभी, त्याला एक बैल आजारी म्हणून दोन्ही मारायला सांगणं म्हणजे त्यालाच मारणं, आणि गाईच्या बाबतीत तर तो प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती.

म्हणून इथला मार्ग प्रयोगशाळेतून गेला, आणि त्याची सुरुवात पुण्यात झाली. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इंपीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ उघडली, आणि तिची सूत्रं आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे आली. भर वस्तीत इतक्या सांसर्गिक रोगांवर काम करणं धोक्याचं होतं आणि पुण्याचा उन्हाळाही प्रयोगांना मानवणारा नव्हता. १८९३ साली संस्था कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवर मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं हे मूळ. १८९७ साली प्लेगच्या निमित्तानं हिंदुस्थानात आलेला रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरलाही गेला होता. त्याच्या थोडंच आधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला त्यानं मेलेल्या जनावराचं पित्त टोचून बाकीची वाचवण्याची पद्धत बसवली होती. तिथं तेव्हा हाहाकार चालला होता. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्याबरोबर एरिट्रियात उतरलेला हा विषाणू दहा वर्षांत केपपर्यंत पोचला आणि इथिओपियात तर गुरांमागोमाग माणसांचा दुष्काळ आला. देशाची सुमारे एक तृतीयांश माणसं त्यात गेली असावीत, असा अंदाज आहे. मुक्तेश्वरला १८९९ पासून बुळकांडीविरोधी सीरम तयार होऊ लागलं. त्यानं मिळणारं संरक्षण मात्र काही आठवड्यांचं, म्हणजे पाहुण्यासारखं.

टिकाऊ संरक्षणाचा रस्ता जे. टी. एडवर्ड्स यांनी काढला. मुक्तेश्वरचे संचालक असताना, १९२० च्या दशकात त्यांनी विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, असा पुनःपुन्हा फिरवला आणि तो इतका मवाळ केला की गाईला टोचल्यावर ती तापायची, पण मरायची नाही, आणि पुढं आयुष्यभर सुरक्षित राहायची. त्याच दशकाच्या आरंभी, १९२० साली, दक्षिण आशियातून ब्राझीलला निघालेली काही झेबू गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि बुळकांडी विसरून बसलेल्या युरोपात ती पुन्हा उगवली. या धक्क्यातूनच १९२४ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन झालं. देशोदेशींनी आपापल्या साथींची खबर एकमेकांना द्यावी, हे त्याचं मुख्य काम. म्हणजे जगानं माहितीचं मोल १९२४ लाच ओळखलं होतं, फक्त ते वापरायला पुढची सत्तर वर्षं गेली.

स्वतंत्र भारतानं १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशातली ८० टक्के गुरं पाच वर्षांत टोचायची, म्हणजे रोग आपोआप मरेल, असा हिशेब. पहिली दहा वर्षं हिशेब बरोबर वाटला. वर्षाला हजारोंनी होणारे उद्रेक काहीशेंवर आले. पुढं मात्र आकडा तिथंच अडकला. साठ आणि सत्तरच्या दशकांत, ऐंशीच्या दशकातही, दरवर्षी कोट्यवधी मात्रा टोचल्या जात होत्या आणि दरवर्षी कुठे ना कुठे बुळकांडी निघतच होती, विशेषतः दक्षिणेच्या द्वीपकल्पात. असं का झालं, हे गोठ्यात उभं राहिल्यावर समजतं. ज्या गाईला लस टोचली आहे तिचं वासरू पहिल्या दिवसांत चीक पितं. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्यातूनच आईची प्रतिपिंडं वासरात उतरतात. ती असेपर्यंत वासराला लस लागू पडत नाही, आणि ती ओसरली की वासरू उघडं पडतं. पथक वर्षातून एकदा येणार, आणि त्या वेळी ते वासरू एकतर फार लहान असणार किंवा चरायला गेलेलं असणार. शेळीच्या विषाणूची लस काही जातींना, विशेषतः डोंगरी आणि संकरित गाईंना फार तापवायची, दूध आटायचं, म्हणून मालकच गाय खोड्यात घालायला कुरकुरायचे. अशा रीतीनं कळपातली निम्मी-पाऊण जनावरं सुरक्षित आणि बाकीची उघडी, अशी कायमची स्थिती तयार झाली. विषाणूच्या दृष्टीनं याहून सोयीचं काही नाही. सगळी जनावरं उघडी असती तर तो एका झटक्यात सगळं जाळून स्वतःही विझला असता; सगळी सुरक्षित असती तर त्याला शिरकावच नव्हता. अर्धवट लसीकरणानं त्याला मंद आचेवर, वर्षानुवर्षं धुमसत राहायची सोय करून दिली. कागदावर मात्र दरवर्षी टोचलेल्या मात्रांची संख्या वाढत होती. सरकारी कामात मोजायला सोपी असते ती गोष्ट हळूहळू उद्दिष्ट होऊन बसते, आणि इथं उद्दिष्ट बनलं ती मात्रांची संख्या.

हा दोष भारताचा किंवा शेळीच्या लसीचा नव्हता, हे आफ्रिकेकडे पाहिलं की पटतं. केनियात वॉल्टर प्लोराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, काचेच्या नळीत, विषाणू वाढवायला घेतला. नव्वद पिढ्या तो असाच वाढवल्यावर हाती आलेला वाण कुठल्याही जातीच्या, कुठल्याही वयाच्या, अगदी गाभण जनावरालाही सोसे. एक टोचणी, आयुष्यभर संरक्षण, किंमत किरकोळ. पशुवैद्यकाच्या इतिहासात याहून चांगली लस दाखवणं कठीण आहे. (प्लोराइट यांना १९९९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याचसाठी.) ही लस घेऊन १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेतल्या बावीस देशांत ‘संयुक्त प्रकल्प १५’ राबवला गेला: तीन वर्षं लागोपाठ सगळी गुरं टोचायची. शेवटी रोग जवळजवळ दिसेनासा झाला. पैसा थांबला, पथकं घरी गेली. मालीच्या आणि सुदानच्या आडबाजूला एखाददोन कोपऱ्यांत विषाणू उरला होता. तिथं तो आहे हे कुणी बघत नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तिथूनच साथ उठली आणि नायजेरियापर्यंतच्या पट्ट्यात लक्षावधी जनावरं गेली. जगातली उत्तम लस आणि सर्वांत मोठी मोहीम असूनही फसगत झाली, ती रोग कुठे उरला आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

इथं एक तांत्रिक पेच होता आणि माझ्या मते सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. रोगातून उठलेल्या गाईच्या रक्तात जी प्रतिपिंडं असतात, तीच लस टोचलेल्या गाईच्याही रक्तात असतात. दोघींचं रक्त नळीत सारखंच दिसतं. मग सगळीकडे टोचत राहिलं तर विषाणू आसपास फिरतो आहे की नाही, हे रक्त तपासून कधीच कळणार नाही. लस जितकी पसरत जाईल, तितका विषाणू तिच्या आडोशाला लपत जाईल. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालयाच्या तज्ज्ञांनी जो मार्ग आखला, त्यातली पहिली पायरी धाडसाची होती: आपल्याकडे रोग नाही असं वाटणाऱ्या देशानं आधी लसीकरण बंद करावं, मग काही वर्षं डोळ्यांत तेल घालून शोध घ्यावा, आणि त्यानंतर जन्मलेल्या, लस न टोचलेल्या जनावरांचं रक्त तपासून पुरावा द्यावा.

भारताला हे पचायला सोपं नव्हतं. १९८७ साली श्रीलंकेला गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या खाण्यासाठी नेलेल्या शेळ्यांबरोबर बुळकांडी त्या बेटावर उतरली. तिथं ती कित्येक दशकं नव्हती. आपल्याच घरात तो रोग कुठे कुठे आहे याचा पत्ता नसल्याचा हा पुरावा होता. युरोपीय मदतीनं १९९२ साली निर्मूलनाचा नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि त्याचा भर बदलला. देश विभागांत वाटला गेला. जिथं रोग खरोखर मुरला होता तिथं टोचणी एकवटली, बाकीकडे ती टप्प्याटप्प्यानं बंद होत गेली. त्याच्या जागी आला तो गावोगावचा शोध. पशुधन कर्मचारी घरोघर विचारत: डोळ्यांत पाणी, तोंडात व्रण आणि जुलाब, हे तिन्ही एकत्र कुठल्या जनावराला झाले होते का? आठवडी बाजारात, गुरं चालत नेण्याच्या वाटांवर, दवाखान्याच्या रोजवहीतही हाच शोध चाले. नव्या रक्तचाचण्यांनी लाखो नमुने भराभर तपासता येऊ लागले होते. १९९५ साली तमिळनाडूत शेवटची लागण सापडली. १९९८ साली भारतानं आपण तात्पुरते मुक्त असल्याचं जाहीर केलं, २००४ साली रोगातून आणि २००६ च्या मे महिन्यात संसर्गातूनही मुक्ततेचं प्रमाणपत्र मिळालं. चार दशकं जे मात्रा मोजून झालं नाही, ते नेमका माग लागल्यावर तीन-चार वर्षांत झालं.

यावर पहिला आक्षेप अगदी उघड आहे: आधीच्या चाळीस वर्षांच्या टोचणीनं रोग कोपऱ्यात रेटला नसता, तर शोधणार काय? बरोबर आहे. हजारो उद्रेक चालू असताना शोधपथकं पाठवण्यात अर्थ नव्हता. पण हा आक्षेप फक्त १९५४ ते १९६५ या दशकाचं समर्थन करतो. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच उपायानं त्याच जागी पाय मारत राहिलो, त्याचं उत्तर त्यात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा विषाणूच मुळात संपवायला सोपा होता, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात: त्याचा एकच प्रतिकारप्रकार, बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नाही, डास-गोचीड लागत नाहीत, उन्हात तो काही तासांत मरतो. लाळ्या-खुरकूत यातल्या जवळपास प्रत्येक बाबतीत उलटं आहे, म्हणून ते अजून आहे. हे मान्य. पण विषाणू १९७६ सालीही इतकाच दुबळा होता आणि १७११ सालीही. त्याचा दुबळेपणा संधी देतो, ती घेण्याची पद्धत देत नाही.

तिसरा आक्षेप जंगलाचा. आफ्रिकेतल्या रानरेडे, कुडू, नू या रानजनावरांनाही बुळकांडी व्हायची. मग गाईंमधून हटवूनही ती रानातून परत येणार, अशी अनेकांची खात्री होती. याचं उत्तर पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानानं दिलं. आजूबाजूच्या गुरांना लस टोचल्यावर नूंच्या वासरांतला रोग आपोआप ओसरला, आणि १९६१ साली अडीच लाखांच्या घरात असलेले नू १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा-चौदा लाखांवर गेले. रान हे कोठार नव्हतं. गाईंकडून रोग रानात सांडत होता. उलट रानाचा उपयोग झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात केनियाच्या त्सावो भागात कुडू आंधळे होऊन मरू लागले, तेव्हा कळलं की गाईंना जेमतेम बाधणारा मवाळ वाण सोमाली कळपांत फिरतो आहे. पशुपालकांना तो सौम्य आजार ठाऊक होता, फक्त तोवर त्यांना विचारलं कुणी नव्हतं. याच काळात जेफ्री मॅरिनर यांनी बनवलेली, महिनाभर बर्फाविना टिकणारी लस पाठीवर टाकून, गावकऱ्यांनीच निवडलेले टोचणारे इथिओपियाच्या अफार आणि युगांडाच्या कारामोजा मुलुखात फिरले. शीतपेटीची गाडी जिथं पोचत नव्हती तिथं ते पायी पोचले, आणि येताना बातमी घेऊन आले. २००१ साली केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानरेड्यांत रोग दिसला, त्यानंतर तो कुठेच दिसलेला नाही.

रोग गेल्यावर त्याच्याविषयीचं ज्ञान वाढतं आहे, हा एक मौजेचा भाग. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या संग्रहात १९१२ साली गोवरानं गेलेल्या एका मुलाचं फुप्फुस फॉर्मलिनमध्ये जपून ठेवलं होतं. त्यातून विषाणूचा जनुकक्रम काढून २०२० साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला: माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी यांची फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास झाली असावी. आधीचे काही अंदाज अकराव्या-बाराव्या शतकाचे होते. लोक मोठ्या शहरांत दाटीनं राहू लागले त्याच सुमाराला गाईचा रोग माणसात स्थिरावला, असं म्हणायला यानं आधार मिळतो. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ साली, इंग्लंडच्या पर्ब्राइट संस्थेनं आपल्याकडच्या ३००० हून अधिक कुप्यांतल्या विषाणूंचे जनुकक्रम नोंदवून त्या नष्ट केल्या. जगातला बहुतेक साठा तिथंच होता.

मुक्तेश्वरचं काम मात्र संपलेलं नाही. १९८७ साली तमिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांत एक साथ निघाली, ती आधी बुळकांडीच वाटली; नंतर ठरलं की ही तिची बहीण, पीपीआर. आपल्याकडे आधी ‘शेळ्यांतली बुळकांडी’ म्हणून नोंदलेल्या काही साथी बहुधा हीच असणार. मुक्तेश्वरलाच तिची लस तयार झाली, आणि २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवायचं ठरलं आहे. पण शेळी गाय नव्हे. ती दीड-दोन वर्षांत पुन्हा पुन्हा विते, बोकड सणाला विकला जातो, कळपाचा मोठा हिस्सा दरवर्षी नवा होतो. म्हणजे गेल्या वर्षी टोचलेल्यांतली कितीतरी जनावरं यंदा कळपात नसतातच. सरसकट टोचणीचा जो हिशेब गुरांत चुकला, तो इथं आणखी लवकर चुकेल. पावसाळा सरल्यावर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात शेतांत बसवतात आणि मृगाच्या आधी वर येतात. त्या वाटांवर कुठल्या वाड्यात किती मेंढरं मेली, हे अजून त्या वाड्यातल्यांनाच आधी कळतं.